बरोबरीची मिरवणूक

माझी मुलगी आशियातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडली, त्या संध्याकाळी आमच्या गावात पाच हजार फटाक्यांची माळ वाजली, आणि ती मी माझ्या स्वतःच्या हातानं पेटवली होती.

आमचं गाव कोरेगावपासून आठ-दहा किलोमीटरवर. इथं दर दोन घरांमागे एक माणूस सैन्यात असतो, नाहीतर सैन्यातून परत आलेला असतो. मी परत आलेल्यांपैकी. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण गावात बढती आपोआप मिळते. एस.टी.च्या टपावरून माझी ट्रंक खाली येईपर्यंत मी सुभेदार झालो होतो! त्याच चालीनं 'मी युनिटच्या फुटबॉल टीमबरोबर असायचो' हे माझं साधं वाक्य गावात एक फेरी मारून परत आलं, तेव्हा मी युनिटचा सेंटर फॉरवर्ड झालेलो होतो. आता टीमबरोबर मी असायचो, हे खरंच आहे. (स्टोअरला होतो. बॉलमध्ये हवा भरणं, जाळ्या शिवणं आणि मैदानावर चुन्याची फक्की मारणं ही माझी कामं.) कितीतरी सामने मी कडेला उभं राहून पाहिले. फक्त त्या सगळ्या वेळात माझं लक्ष बॉलकडे कमी आणि आपली फक्की कोण पुसतंय याकडे जास्त असायचं. पण हे मी गावात कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंही नाही.

युनिटनं निकालात काढलेला एक बॉल मी एकदा सुट्टीवर येताना घेऊन आलो. सायली तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं तो बॉल अंगणात जो घेतला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. साताऱ्याच्या शाळेत खेळली, अकरावीला सांगलीला मामाकडे राहून खेळली, आणि पुढे दक्षिणेतल्या एका क्लबानं तिला उचलून नेलं. गेल्या वर्षी तो क्लब देशात पहिला आला. देशोदेशीचे असे पहिले आलेले महिलांचे क्लब आशियाच्या स्पर्धेत खेळतात. पण थेट नाही, आधी पात्रता फेरी असते.

"मंजी जिल्हा परिषदेच्या आदी पंचायत समिती, तसं?" आबांनी विचारलं.

आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडली तरी दंडाच्या बेटकुळ्या अजून दाखवतात. तरुणपणी कुस्त्या केल्या, त्यामुळे जगातला प्रत्येक खेळ ते आखाड्यावरून समजून घेतात.

"तसंच," मी म्हणालो. (तसं नव्हतं. पण चारचौघांत सुभेदारानं अडखळून चालत नाही.)

स्पर्धेला निघायच्या आधी सायलीचा फोन आला होता. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तिला ऑफिसातल्या नोकरीचं पत्र आलं होतं. महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं.

"आप्पा, सव्वीस पूर्ण झाली मला. गुडघाही कुरकुरतो. मुख्य फेरीत गेलो तर खेळत राहीन. नाही गेलो, तर बूट ठेवते आणि नोकरीवर हजर होते. आता मध्ये लटकायचं नाही मला."

सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "बरोबर हाय पोरीचं." मीही "बरोबर आहे" म्हणालो आणि परसात जाऊन उगाच शेवग्याच्या झाडाकडे बघत उभा राहिलो. मला ती खेळायला हवी होती. पायात बॉल असला की तिचा चेहरा परत सहा वर्षांचा होतो. आणि ती खरोखर सहा वर्षांची होती तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो, दूर कुठंतरी चुन्याची फक्की मारत होतो.

आता गणित सांगतो, कारण घोळ तिथंच आहे. गटात तीन क्लब, त्यातला एक यजमान, सगळे सामने त्याच्याच मैदानावर. प्रत्येकानं दोन सामने खेळायचे, आणि तिघांतला एकच पुढे जायचा. पहिल्या सामन्यात आमच्या मुलींनी दोन गोलांनी बाजी मारली. दुसरा सामना बाकीच्या दोघांचा. तो आम्ही पाहिलाच नाही! आपली पोरगी नाही त्या सामन्यात कशाला डोकं घालायचं, असं माझंच मत पडलं. नंतर कळलं की आमच्याकडून हरलेल्या त्याच क्लबाला यजमानांनी पाच गोलांनी लोळवलं होतं. आता राहिला आमचा आणि यजमानांचा शेवटचा सामना.

सामन्याच्या दोन दिवस आधी दूध संस्थेच्या हॉलमध्ये बैठक झाली. संस्थेचे सेक्रेटरी जगताप हे शंका काढणारे गृहस्थ आहेत.

"सुभेदार, जिंकलो तर पुढं, हरलो तर घरी. पर बरोबरी झाली तर ओ?"

सगळा हॉल माझ्याकडे पाहू लागला. मला खरंच माहीत नव्हतं. पण मला आमच्या युनिटची एक फायनल आठवली. बरोबरीत सुटली होती, आणि सीओ साहेबांनी दोन्ही कंपन्यांना विजेते म्हणून जाहीर केलं होतं. (बडाखान्याची वेळ झाली होती आणि मटण गार होत होतं, हे कारण मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं.)

"बरोबरी झाली तर दोघंबी पास," मी म्हणालो.

"व्हय की!" आबांनी मांडीवर थाप मारली. "जत्रंत जोड बरोबरीत सोडवली तर दोगांस्नी बी फेटा बांदत्यात का न्हाई? खेळ म्हटला की न्याय एकच."

"पण एकच क्लब जातो म्हणालात ना?" जगताप.

"एरवी एकच. बरोबरी झाली की दोन," मी ठणकावून सांगितलं. एकदा चुकीचा रस्ता धरला की मी त्यावर झपाझप चालतो, ही माझी सैन्यातली सवय आहे.

त्याच बैठकीत फ्लेक्स छापायचं ठरलं. कोरेगावच्या फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसांची इतकी गर्दी होती, की आत्ता मजकूर दिला तरच वेळेत मिळणार होते. म्हणून सामन्याआधीच तीन फ्लेक्स छापून आणले: 'आशिया खंडाच्या स्पर्धेत मुख्य फेरीत प्रवेश केल्याबद्दल कु. सायली हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे, त्यातले नऊ काळा चष्मा लावून मोबाईलवर बोलणारे. सायली कोपऱ्यात होती. आणि तिच्या हातात फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या बुद्धीनं व्हॉलीबॉल दिला होता!

सामना आपल्याकडच्या चार वाजता होता. हॉलमध्ये पडदा लावला, जगतापांनी संस्थेचा प्रोजेक्टर जोडला. सगळं गाव आलं. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर, हलगीवाले दारात, आणि आबांनी सकाळीच साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे टेबलावर. समालोचन तिकडच्या भाषेत होतं. त्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता, म्हणून ते काम गावानं मला दिलं. मला भाषा येत नव्हती आणि खेळही येत नव्हता, पण आवाज मोठा आहे.

यजमानांनी आधी गोल केला. हलगीवाल्यांनी हलगी खाली ठेवली. मग तासाभरानं सायलीनं मधून एक बॉल असा सरकवला, की पुढच्या मुलीनं तो नुसता ढकलला आणि बरोबरी झाली. आबा उठून खुर्चीवर उभे राहिले. सुनंदानं डोळ्याला पदर लावला. मी ओरडून सांगितलं, "झालं आपलं काम! आता बॉल नुसता इकडं-तिकडं करत बसा म्हणावं!"

पण आमच्या पोरी जिवाच्या आकांतानं पळतच होत्या. मला ते थोडं विचित्र वाटलं.

"आवं, सायली आशी का पळतीया मग?" सुनंदानं मागे वळून विचारलं. "काम झालंय तर दमादमानं घ्यावं की."

"शिस्त आहे ती," मी म्हणालो.

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना सायलीनं लांबून एक बॉल हाणला. गोलकीपर हुकली, सगळा हॉल उठला, आणि बॉल खणकन खांबाला लागून बाहेर गेला. सायली गुडघ्यावर बसली, दोन्ही हात डोक्यावर.

"काही बिघडत नाही! काही बिघडत नाही!" मी हात हलवत म्हणालो. "बरोबरी पुरे आहे आपल्याला!" आणि ज्या क्षणी माझी पोर जन्मात कधी नव्हती इतकी एकटी पडली होती, त्या क्षणी मी इकडे वेलचीचा चहा सांगत होतो.

शिट्टी वाजली. एकास एक. पडद्यावर यजमान मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या आणि आमच्या पोरी गवतावर बसून रडत होत्या.

"या का रडायल्यात?" जगतापांनी विचारलं.

"आनंदाश्रू आहेत ते," मी म्हणालो.

"पैलवान बी रडतो जितल्यावर," आबांनी दुजोरा दिला.

"आन् त्या दुसऱ्या नाचायल्यात त्या?"

"त्याही पास झाल्या ना! दोघंबी पास!"

याउपर कुणाला काय शंका राहणार? मी बाहेर गेलो, काडी ओढली आणि माळ पेटवली.

मग जे सुरू झालं, ते कुणाच्या हातात राहिलं नाही. हलगी कडाडली, गुलाल उधळला, कुणीतरी ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीला फ्लेक्स बांधला आणि मला हार घालून वर चढवलं. मी खेळाडूचा बाप, शिवाय सेंटर फॉरवर्ड! ट्रॉली चावडीपाशी आली तेव्हा माझा फोन वाजला. सांगलीहून मेव्हणा विलास होता.

"दाजी, लय वाईट वाटलं हो."

"आं? कशाचं?"

"सायलीचं. थोडक्यात गेलं पोरीचं. तुमच्याकडं हा कसला आवाज येतोय?"

"फटाके! मिरवणूक आहे रं!"

विलासनं मग लहान मुलाला समजावावं तसं सावकाश सांगितलं, "दाजी, दोघांचे पॉइंट सारखे झाले. मग गोल बघतात. त्यांनी त्या तिसऱ्या टीमला पाच घातले, आपण दोनच. ते गेले पुढं. आपण बाहेर."

मी ट्रॉलीवर उभा होतो. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, खाली दीडदोनशे माणसं माझ्याकडे बघून नाचत होती. त्या गवतावरच्या रडणाऱ्या पोरी मला आत्ता दिसल्या. डोक्यावर हात घेऊन बसलेली सायली मला आत्ता दिसली. ट्रॅक्टर थांबवायला हवा होता, पण मी गळ्यातला हार सारखा करत राहिलो. आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी सायलीचा, तोही चेहरा दिसणारा!

डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले.

"आप्पा..."

"बाळा," मी म्हणालो आणि कपाळावरचा गुलाल बाहीनं पुसायला लागलो.

"आप्पा, हा आवाज कसला? कुणाचं लग्न आहे का गावात?"

मी 'हो' म्हणणार होतो. अगदी खरं सांगतो, माझा 'हो' ओठांवर आला होता. पण आबा ट्रॉलीवर चढले, त्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि आपलं लालभडक तोंड त्यात घातलं.

"पोरी! नाव काडलंस घराचं!"

"आबा, आम्ही बाहेर पडलो हो. माझा बॉल खांबाला लागला. तो गेला असता तर... माझ्यामुळं गेलं सगळं आबा." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

आबांनी फोनवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी इथं करत नाही, ती सोसावी लागावी अशी तुमची काही चूक नाही. मग ते पुन्हा फोनकडे वळले. मध्ये एक श्वास गेला असेल, जास्त नाही.

"ठावं हाय की आमाला," आबा म्हणाले. "समदं बगितलं आमी. खांबाला लागला त्ये बी बगितलं."

"मग... मग हे फटाके?"

"तुज्यासाटीच की. नव्वद मिंटं जीव तोडून पळालीस, त्ये काय आमाला दिसलं न्हाई व्हय? जितल्याल्याची मिरवनूक कुनी बी काडतंय. आमची पोरगी हरून इतकी झुंजली, तिची नगं का काडायला? रडू नगंस. आदी चार घास खा जा."

तिकडे रडता रडता ती हसली. "वेडे आहात तुम्ही सगळे," म्हणाली आणि फोन बंद झाला.

आबांनी फोन माझ्या खिशात कोंबला, हात वर करून हलगी थांबवली आणि गावाला सांगितलं, "गड्यांनो, आपुन हरलोया. सुभेदाराचं गणित चुकलंया."

दीडदोनशे माणसांची शांतता अंगावर घेतली आहे का कधी? घेऊ नका. मी ट्रॉलीच्या फळीकडे बघत उभा राहिलो. कुणीतरी मागून म्हणालं, "मंजी त्ये आनंदाश्रू...?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

"पर पोरीला म्या सांगितलंय," आबा म्हणाले, "का मिरवनूक हरल्यालीचीच हाय. आता माझा शबुद खोटा पाडनार हाय का कोन? न्हाई ना? मग हलगी का थांबली रं?"

हलगीवाल्यानं आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टिपरू उचललं. आणि सांगतो, पहिल्या अर्ध्या मिरवणुकीपेक्षा दुसरी अर्धी जोरात झाली! देवळापर्यंत गेलो. सुनंदानं ट्रॉलीमागून चालता चालता माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पण देवळात तिनंच स्वतःच्या हातानं सगळ्यांना पेढे वाटले. मला शेवटचा दिला. मी तो खाताना रडत होतो, आणि या वेळी ते अश्रू कसले हे मला कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी सायली येणार होती. आदल्या दुपारी आबांच्या लक्षात आलं, की गावात तीन ठिकाणी 'मुख्य फेरीत प्रवेश केल्याबद्दल' लटकतंय. एक एस.टी. थांब्यावर, एक दूध संस्थेवर, एक आमच्या फाटकावर! हे वाचलं की पोरीला सगळा घोळ कळणार. फ्लेक्सवाला म्हणाला, आठ दिवस जमणार नाही. मग मी कणकेची खळ शिजवली, पांढरे कागद कापले आणि तिन्ही फ्लेक्सवर त्या ओळीवर चिकटवून टाकले. आता नुसतं अभिनंदन राहिलं. कशाबद्दल ते नव्हतं, पण आमच्याकडच्या निम्म्या फ्लेक्सवर तसंही ते नसतं.

सायली सकाळच्या गाडीनं आली. थांब्यावरचा फ्लेक्स तिनं हसून पाहिला. दूध संस्थेवरचा पाहिला. "आप्पा, व्हॉलीबॉल?" एवढंच म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि आम्ही आमच्या फाटकाशी आलो.

फाटकावरचा फ्लेक्स जरा खाली बांधला होता. शेजाऱ्यांची शेळी त्याच्यासमोर उभी होती. कणकेची खळ तिला बहुतेक फार आवडली असावी, कारण खळीसकट निम्मा कागद तिनं खाऊन टाकला होता आणि उरलेला ती आमच्या डोळ्यांदेखत खात होती. 'मुख्य फेरीत प्रवेश के' इतकं स्वच्छ दिसत होतं.

सायलीनं बॅग खाली ठेवली. शेळीला हलकेच बाजूला केलं. राहिलेला कागद सोलून काढला आणि सगळी ओळ वाचली.

"आप्पा, हे कधी छापलं?"

"जरा... आधी."

"सामना संपल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. सगळं सांगितलं. दोघंबी पास, सीओ साहेब, बडाखाना, आनंदाश्रू. फक्कीचंही सांगितलं, जे वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, संपलं! पोरीला एक आधार मिळाला होता, तोही मी माझ्या हातानं काढून घेतला. आणि ती हसायला लागली. पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेळीसुद्धा खायची थांबली.

मग हसता हसता ती एकदम थबकली.

"आबांना कधी कळलं?"

"तू फोनवर सांगितलंस तेव्हा."

"त्याआधी नाही?"

"नाही. तुझ्याच तोंडून कळलं त्यांना."

"आणि फोन ठेवल्यावर? मिरवणूक?"

"देवळापर्यंत गेली. आईनं पेढे वाटले. सगळ्यांना माहीत होतं तेव्हा."

ती उठून गोठ्याकडे गेली. आबा म्हशीला वैरण घालत होते. तिनं मागून जाऊन त्यांच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि तशीच उभी राहिली. आबांनी न वळता विचारलं, "गुडघा कसा हाय?"

"बरा आहे," ती म्हणाली.

नोकरीचं पत्र देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होतं. महिनाअखेर जवळ येत होती. मी विचारलं नाही, सुनंदानं विचारलं नाही. सायली सकाळी शेताच्या बांधाबांधानं पळून यायची, दुपारी झोपायची, आणि पत्र फळीवर तसंच असायचं. एके दिवशी ते तिथं नव्हतं. त्या सकाळी तिनं बॅग भरली आणि म्हणाली, "आप्पा, साताऱ्याला सोडायला येता?"

आता मला सांगा, यावरून बापानं काय समजायचं? कारखानाही साताऱ्यालाच, आणि क्लबाकडे जायचं विमान पुण्याहून, म्हणजे पुण्याची गाडीही साताऱ्यालाच! बॅग बंद, बूट आत आहेत का दिसत नाहीत. सबंध रस्ताभर मी बॅगेकडे बघत होतो.

स्टँडवर वेळ होता. कँटीनमध्ये चहा घेतला. तिनं पुडा उघडला आणि पेढे टेबलावर मांडले. हे आपले दोन गोल, हे त्यांचे पाच, आता बरोबरी झाली तर कोण पुढं? मी बोट दाखवलं. "बरोबर!" ती म्हणाली आणि बक्षीस म्हणून मला एक पेढा दिला. हुरूप येऊन मी ऑफसाईडचं विचारलं. तिनं पेढे परत मांडले. एकदा समजावलं, दोनदा समजावलं. शेजारच्या टेबलावरच्या कंडक्टरलाही समजलं.

"पण तो पेढा तिथं उभाच कशाला राहिला?" मी विचारलं.

तिनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. एमआयडीसीला जाणाऱ्या रिक्षा बाहेर रांगेत उभ्या होत्याच.

"बाळा," मी कसंबसं विचारलं, "आता... कुठली?"

तिनं बॅग खांद्याला लावली. "काल नोकरीला नाही म्हणून कळवलं मी."

माझे डोळे भरून आले. "आबांमुळं ना?" मी म्हणालो. "मिरवणुकीमुळं?"

"आबांमुळं आहेच," म्हणत ती खाली वाकून माझ्या पाया पडली आणि गाडीच्या पायरीवर चढली. "पण खरं कारण तुम्ही आहात, आप्पा. मी ठरवलंय, तुम्हाला फुटबॉलचे सगळे नियम कळेपर्यंत खेळायचं."

गाडी सुटली. मी हात हलवत राहिलो, चष्मा पुसला आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. बरोबरीनंतर गोल बघतात, एवढं कळायला मला एकोणसाठ वर्षं लागली. ऑफसाईड अजून बाकी आहे. माझ्या पोरीसारखी लांबलचक कारकीर्द आजवर कुठल्याच खेळाडूच्या नशिबी आली नसेल!